सात पासबुकं आणि एक वही: घरचे पैसे आवरायचे कसे

बँकेच्या काउंटरमागे मी २९ वर्षं काढली. त्यातली शेवटची काही ठेवींच्या आणि वारसदाव्यांच्या टेबलावर गेली. आपल्याकडे पैसा किती आहे हे बहुतेकांना अंदाजाने सांगता येतं, पण तो नेमका कुठे आहे हे विचारलं की माणूस छताकडे बघायला लागतो, हे मी त्या टेबलावर पाहिलं. एकदा एक बाई आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत उशीचा अभ्रा आणि अभ्र्यात पावत्या. यजमान जाऊन दीड महिना झाला होता. पावत्या अकरा निघाल्या. चार आमच्या बँकेच्या, त्यातल्या दोन कधीच मोडून झालेल्या. एक पतसंस्थेची. बाकीच्या पावसात भिजून अशा चिकटल्या होत्या की बँकेचं नावही लागेना. "एवढंच आहे, की अजून कुठे आहे?" त्यांनी मलाच विचारलं. मी काय सांगणार!

गुंतवणूक कुठे करावी, कुठला फंड घ्यावा, सोनं घ्यावं की प्लॉट, यातलं इथे काहीच नाही. ते सांगणारे पैशाला पासरी आहेत. हे आहे त्याच्या आधीचं काम, पहिल्यांदाच आपला पसारा आवरायला बसणाऱ्यासाठी. नुकती नोकरी लागली असेल, लग्न झालं असेल, किंवा वडिलांचे व्यवहार अचानक अंगावर आले असतील. माझी कसोटी साधी आहे: तुम्ही आठ दिवस इस्पितळात असलात, तर घरातल्या दुसऱ्या माणसाला अर्ध्या तासात सगळं सापडलं पाहिजे.

पायरी १: सगळं चादरीवर मांडा

एक रविवार राखून ठेवा. दिवाळीच्या आधी माळा काढतो तसं सगळं एकदम बाहेर काढायचं. कपाटाचा लॉकर, ऑफिसच्या बॅगेचा मागचा कप्पा, देव्हाऱ्याखालचा खण आणि स्वयंपाकघरातला 'तो' डबा. पासबुकं, मुदत ठेवींच्या पावत्या, विम्याच्या पॉलिसी, पोस्टाची कागदपत्रं, कर्जाचे करार, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जुन्या कंपनीतली पीएफची स्लिप. लगेच लावायला बसू नका. फक्त चादरीवर मांडा आणि चहा घ्या.

कागद निम्मीच गोष्ट सांगतात. उरलेली शोधायला काही जागा आहेत आणि सगळ्या फुकट आहेत.

पहिली जागा इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर. लॉगिन केल्यावर तिथे एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती पत्रक मिळतं. २०२१ पासून ते सुरू झालं. लोक ते फक्त रिटर्न भरताना बघतात, पण विसरलेली खाती शोधायला याच्याइतकं चांगलं हत्यार नाही. तुमच्या पॅनवर कुठल्या बँकेने किती व्याज दिलं, कुठल्या कंपनीने लाभांश दिला, हे त्यात ओळीने येतं. कधीकाळी उघडलेल्या आवर्ती ठेवीचं १,१४० रुपये व्याज तिथे दिसलं की आठवतं, अरे, हे खातं अजून आहे!

म्युच्युअल फंड आणि शेअरसाठी एकत्रित खातेउतारा मिळतो. त्याला सगळे 'कॅस' म्हणतात. डिमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं असेल तर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या ती खाती सांभाळणाऱ्या संस्थांकडून तो ईमेलवर येतच असतो, आपण न उघडता पुढे जातो. फक्त फंड असतील तर कॅम्स आणि केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांच्या साइटवरून पॅन आणि नोंदवलेला ईमेल देऊन मागवता येतो.

कर्जं आणि कार्डं शोधायला क्रेडिट रिपोर्ट. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क, या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मॉलमध्ये बॅगेच्या लोभाने घेतलेलं कार्ड, मित्राच्या कर्जाला दिलेली जामीनकी, मोबाइल घेताना केलेला हप्ता, सगळं त्यात उतरलेलं असतं. जामीनकी बघून दचकणारे मी कितीतरी पाहिलेत.

आई-वडिलांच्या जुन्या खात्यांसाठी रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झालं. दहा वर्षं ज्यात व्यवहार नाही अशा खात्यातली रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात, तिचा शोध इथे घेता येतो. पैसे बुडालेले नसतात, दावा केला की बँक परत देते. पण उद्गमवर सगळ्या बँका नाहीत. गावातली छोटी सहकारी बँक तिथे दिसली नाही म्हणून खातं नाहीच असं समजू नका, सरळ शाखेत जाऊन विचारा. नाव नोंदवताना स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा. कुलकर्णी आणि जोशी यांची आमच्या बँकेतच चार-चार स्पेलिंगं होती.

शेवटची जागा तुमचा मोबाइल. मेसेजमध्ये 'डेबिट' हा शब्द इंग्रजीत टाकून गेल्या वर्षभराचे मेसेज चाळा. दर महिन्याला गुपचूप कापल्या जाणाऱ्या रकमा तिथे सापडतात.

पायरी २: एक वही

ॲप नको, एक्सेल नको असं मी म्हणत नाही. माझा भाचा एक्सेलवर ठेवतो आणि झकास ठेवतो. पण त्याची बायको ती फाइल उघडत नाही, आणि तिथेच घोडं अडतं. मला दोनशेपानी वही बरी वाटते. ती घरातल्या कोणालाही वाचता येते, तिला पासवर्ड लागत नाही आणि ती हँग होत नाही.

वहीत प्रत्येक गोष्टीला एक पान. खात्याचं पान असेल तर बँक, शाखा, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, खातं कोणाकोणाच्या नावावर, नॉमिनी कोण, कुठला मोबाइल नंबर जोडलाय, त्यातून काय काय कापलं जातं. ठेवीचं पान असेल तर रक्कम, मुदत कधी संपते, व्याज कुठे जमा होतं, पावती कुठे ठेवलीय. विमा असेल तर पॉलिसी क्रमांक, किती रकमेचा, हप्ता कधी, एजंटचा फोन. कर्ज असेल तर हप्ता, कधी फिटणार, तारण काय.

एक पान उसनवारीचं ठेवा. मेहुण्याला घर घेताना दिलेले दोन लाख, शेजाऱ्यांकडून लग्नात घेतलेले पन्नास हजार. याची पावती नसते, म्हणून तर ते लिहायचं. एक पान भिशीचं. भिशीत आपला नंबर लागून गेलाय की लागायचाय, यावर ती आपली बचत आहे की आपल्यावरचं देणं हे ठरतं, आणि हे घरात एकालाच माहीत असतं.

पिन, पासवर्ड, ओटीपी यातलं काहीही वहीत लिहायचं नाही. वही आहे ती कुठे काय आहे हे सांगायला, कुलूप उघडायला नव्हे.

पायरी ३: खाती कमी करा

हे या सगळ्यातलं मोठं काम, म्हणून जरा थांबून सांगते.

माझ्याकडे एक इंजिनिअर यायचे. पाच नोकऱ्या झाल्या, पाच पगारखाती. शिवाय गृहकर्जासाठी एक आणि कॉलेजात असताना वडिलांनी उघडून दिलेलं एक. सात पासबुकं. पगार थांबला की काही महिन्यांत पगारखात्याचं साधं बचत खातं होतं आणि बऱ्याच बँकांत किमान शिलकीची अट लागू होते. म्हणजे प्रत्येक ठिकाणी दहा-दहा हजार नुसते अडकून. नाही ठेवले तर दंड. दोन वर्षं एखाद्या खात्यात आपण काहीच व्यवहार केला नाही की ते निष्क्रिय होतं, मग पुन्हा केवायसी, म्हणजे ओळखीचे कागद नव्याने देणं, पुन्हा शाखेच्या खेपा. त्यांना मी विचारलं, "एवढी खाती कशाला?" म्हणाले, "असू दे, काय खातंय?" खातं खात होतंच की.

सामान्य घराला माणशी दोन खाती पुरतात. एकात पैसे येतात, बिलं आणि हप्ते जातात. दुसऱ्यात अडीअडचणीचे पैसे, आणि त्या खात्याला यूपीआय जोडायचं नाही. नवरा-बायकोचं एक संयुक्त खातं असेल तर उत्तम. माणशी तीनच्या वर गेलात तर तुमच्याकडे सबळ कारण हवं.

कुठलं ठेवायचं? घराजवळ शाखा असलेलं आणि जिथे तुमचा पत्ता, मोबाइल, पॅन, आधार सगळं ताजं आहे ते. व्याज अर्धा टक्का जास्त मिळतंय म्हणून कोपऱ्यातली बँक धरून ठेवू नका. बचत खात्यावर तेवढ्याने काही बंगला होत नाही.

बंद करण्याआधी मात्र घाई करू नका. आधी त्या खात्यातून काय काय जातंय ते बघा. एसआयपी (म्युच्युअल फंडाचा ठरलेला हप्ता), विम्याचा हप्ता, वीजबिल, ओटीटी. ते सगळं नव्या खात्यावर वळवून एक महिना जाऊ द्या. नव्या खात्यातून सगळं नीट कापलं गेलं हे डोळ्यांनी पाहिल्यावरच जुनं बंद करायचं.

आधारची गंमत वेगळीच. सरकारी मदतीचे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि थेट मदतीसाठी एका वेळी एकच खातं जोडलेलं असतं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये यायला लागले तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये कामाला येणाऱ्या दोघीजणी रडकुंडीला आल्या होत्या. मैत्रिणींना पैसे आले, आपल्याला नाही. एकीचे पैसे आले होते, पण बचत गटासाठी कधीतरी उघडलेल्या, तिने स्वतःच विसरलेल्या खात्यात. तेव्हा तुमचं आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते 'माय आधार' साइटवर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये बघा. बंद करायच्या खात्याला असेल तर आधी बदलून घ्या. गॅसची सबसिडी, शिष्यवृत्ती, शेतकरी सन्मानचे पैसे, सगळ्याला हेच लागू.

मग शाखेत जायचं. जाताना गेल्या पाच-सहा वर्षांचा खातेउतारा डाउनलोड करून ठेवा, कारण खातं बंद झालं की नेटबँकिंगही बंद होतं आणि इन्कम टॅक्सची विचारणा आली की तारांबळ उडते. उरलेली चेकबुकं आणि डेबिट कार्ड परत करा. उरलेली रक्कम कुठे वळवायची ते अर्जावर लिहा. अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का मारून घ्या. "मॅडम, होऊन जाईल, काळजी नको" यावर विसंबू नका. हे मी बँकेतली असून सांगतेय.

क्रेडिट कार्डांचंही तसंच. एक पुरे, फार तर दोन. थकबाकी नसेल तर बंद करण्याच्या अर्जानंतर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणं कंपनीवर बंधनकारक आहे. उशीर केला तर कंपनीने ग्राहकाला रोज ५०० रुपये दंड द्यायचा. हा नियम २०२२ पासूनचा आहे. फोनवर त्याचा नुसता उल्लेख केला तरी समोरच्याचा सूर बदलतो. आणि कार्डाचं बिल पूर्ण भरता येत नसेल, 'किमान रक्कम' भरून चाललं असेल, तर बाकीच्या सगळ्या पायऱ्या बाजूला ठेवून आधी ते फेडा. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर जातं. तेवढं मिळवून देणारी गुंतवणूक मला अजून कोणी दाखवलेली नाही.

पायरी ४: पैशाची वाट आखा

पगार १ तारखेला येत असेल तर सगळे हप्ते, एसआयपी, आवर्ती ठेव ३ ते ७ तारखेच्या दरम्यान आणा. बहुतेक ठिकाणी तारीख बदलून मिळते. हप्ते २२, २५, २८ असे विखुरलेले असले की महिनाअखेरीला एखादा परत जातो. मग बँकही दंड लावते आणि कर्ज देणाराही. सात तारखेनंतर खात्यात उरेल ते महिन्याच्या खर्चाचं. एवढं साधं गणित झालं की रोज शिल्लक बघायची गरज राहत नाही.

पीपीएफ असेल तर तो ५ तारखेच्या आत भरा. व्याज ५ तारीख ते महिनाअखेर यातल्या सर्वांत कमी शिलकीवर मोजलं जातं, त्यामुळे ६ तारखेला भरलेल्या पैशाला त्या महिन्याचं व्याज मिळत नाही. वर्षाला किमान ५०० रुपये टाकायला विसरलात तर खातं खंडित होतं. दर चुकलेल्या वर्षाचे ५०० आणि वर ५० रुपये दंड भरून ते पुन्हा सुरू करता येतं. रक्कम किरकोळ आहे, खेपा किरकोळ नाहीत.

हे सगळं झालं पगारदाराचं. ज्यांचं ऊसबिल हप्त्याहप्त्याने येतं, दुकान आहे, किंवा द्राक्षाचे पैसे वर्षातून एकदाच हातात पडतात, त्यांनी आलेली रक्कम दुसऱ्या खात्यात टाकून दर महिन्याला ठरावीक रक्कम घरखर्चाच्या खात्यात वळवावी. स्वतःच स्वतःला पगार द्यायचा. माझे सासरे तासगावला बागेत काम करायचे, ते हेच वेगवेगळ्या पाकिटांत करत. खातं उघडायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांची एकदा झाडाझडती घ्या. यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' नावाचा भाग असतो, कार्डावरचे मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायला दिलेल्या परवानग्या, बँकेच्या ॲपमध्ये दिसतात. पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येणं सक्तीचं आहे, पण दिवसाला चाळीस मेसेज येणाऱ्या फोनवर ती कोण वाचतं? बंद केलेल्या जिमचे पैसे वर्षभर भरणारा माणूस आमच्याच घरात आहे. नाव सांगत नाही.

पायरी ५: विमा आणि पीएफ

बँकेत खातं उघडताना सही घेऊन दोन सरकारी विमे लावले जातात. प्रधानमंत्री जीवन ज्योती वर्षाला ४३६ रुपये, सुरक्षा विमा २० रुपये, दोन्हींत २ लाखांचं संरक्षण. योजना चांगल्या आहेत, जरूर घ्या, पण एकाच खात्यातून. चार खात्यांतून चार वेळा हप्ता गेला तरी दावा एकदाच मंजूर होतो. मे महिन्याच्या शेवटी खातेउतारे बघा. मी बघितले तेव्हा माझ्याच सुरक्षा विम्याचे पैसे तीन खात्यांतून जात होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बाकीच्या पॉलिसींच्या बाबतीत एवढंच करा: प्रत्येकीसमोर लिहा, मी गेले तर घरी किती येतील आणि मी राहिले तर मला किती, कधी येतील. दोन्ही आकडे एजंटला लिहून द्यायला सांगा. पॉलिसी बंद करायची की चालू ठेवायची हे ते आकडे बघून ठरवता येईल. रागाच्या भरात सरेंडर करू नका.

पीएफसाठी एकच यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा क्रमांक असतो, पण त्याखाली प्रत्येक नोकरीचं वेगळं खातं राहतं. जुनं नव्यात वळवून घ्या. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर कर लागतो, आणि ही पाच वर्षं मोजताना वळवलेल्या खात्याची आधीची नोकरीही धरली जाते. यूएएनमध्ये नाव, जन्मतारीख आधारप्रमाणे नसेल तर ती दुरुस्ती आजच टाका. निवृत्तीच्या वेळी वडिलांच्या नावातल्या एका अक्षरासाठी महिनोन्महिने थांबलेले लोक मला माहीत आहेत.

पायरी ६: पाच लाखांची रेघ

वर मी खाती कमी करा म्हटलं. म्हणून सगळंच्या सगळं एका बँकेत नेऊन टाकू नका. एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या शाखांमधल्या सगळ्या ठेवी मिळून, व्याजासकट, ५ लाखांपर्यंत विमा असतो. फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा फक्त १ लाख होती. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला ठेवीदाराला हजार रुपयेच काढता येत होते. मुंबई-ठाण्यातल्या कितीतरी सोसायट्यांचे देखभालीचे पैसेही तिथे अडकले होते. त्यानंतर कायदा बदलला आणि असे निर्बंध आले तर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळायची तरतूद झाली.

सहकारी बँकांना मी नावं ठेवत नाही. आपल्याकडे अडल्यानडल्याला कर्ज देणारी तीच बँक असते. पण एका सहकारी बँकेत माणशी पाच लाखांच्या आत राहा, आणि ते व्याज धरून. साडेचार लाख ठेवले की मुदतीअखेर व्याजासकट किती होतात ते आधी विचारा.

पतसंस्थेचं प्रकरण वेगळं आहे. नावात 'नागरी' असो नाहीतर 'ग्रामीण', दारावर पाटी कितीही चकचकीत असो, पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा नाही. दोन टक्के जास्त व्याज ते त्यासाठीच देतात. पिग्मीवाला रोज दारात येतो, ओळखीचा असतो, नाही म्हणवत नाही. मग रोजचे पन्नास-शंभर असू देत. आयुष्याची पुंजी नको.

पायरी ७: नॉमिनी, संयुक्त नाव आणि मृत्यूपत्र

वहीत प्रत्येक पानावर नॉमिनीचं नाव लिहायला सांगितलं ते आता बघा. निम्म्या ठिकाणी जागा कोरी असेल. काही ठिकाणी आईचं नाव असेल, आणि आई जाऊन सहा वर्षं झाली असतील. लग्नाआधीच्या पीएफला भावाचं नाव असेल. लग्नाची पंगत उठली की नॉमिनी बदलावा असं मी आमच्याकडच्या सगळ्या मुलामुलींना सांगते. कोणी ऐकत नाही ते सोडा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींना चार नॉमिनी देता येतात, कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं.

पण नॉमिनी म्हणजे मालक असा जो समज आहे तो मोडून काढायला हवा. आपल्या घरात भिंतीवर कालनिर्णय असतं, पानामागे दुधाचा हिशोब लिहिलेला असतो. त्या कालनिर्णयचे जनक जयंतराव साळगांवकर २०१३ मध्ये गेले. त्यांचं मृत्यूपत्र होतं, गुंतवणुकींवर नॉमिनीही होते, आणि त्यातून निघालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. १४ डिसेंबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की शेअर-सिक्युरिटीजच्या नामनिर्देशनामुळे वारसाहक्काचा कायदा बाजूला पडत नाही, नॉमिनी पूर्ण मालक होत नाही. बँक किंवा कंपनी पैसे नॉमिनीच्या हातात देते, पुढे ते वारसांचे, किंवा मृत्यूपत्रात लिहिलं असेल त्याचे. साऱ्या महाराष्ट्राला तिथी-वार सांगणाऱ्या घराला हे चुकलं नाही, मग आपण कोण?

तेव्हा नॉमिनी आणि मृत्यूपत्र यांत एकच नाव असेल असं बघा. मृत्यूपत्राला स्टँप पेपर लागत नाही, साध्या कागदावर चालतं. नोंदणी ऐच्छिक आहे, केलेली बरी. दोन साक्षीदारांनी तुमच्या समक्ष सह्या करायला हव्यात, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. एक साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान असावा. ऐंशी वर्षांच्या माणसाने ऐंशी वर्षांच्या मित्राची साक्ष घेतलेली कागदं मी पाहिली आहेत.

संयुक्त ठेवींवर एक बारीक गोष्ट, जी काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही. 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' अशी ठेव असली तरी एकजण गेल्यावर ती मुदतीआधी मोडायची म्हटलं तर बँक गेलेल्याच्या वारसांची संमती मागू शकते. इस्पितळाचं बिल भरायचं असताना हे अंगावर येतं. ठेव ठेवतानाच दोघांनी मिळून 'हयात असलेल्याला मुदतीआधी मोडता येईल' असं लिहून द्यायचं. फॉर्मवर तशी ओळ असते, नसेल तर मागून घ्या. जुन्या ठेवींनाही असं पत्र देता येतं.

गृहकर्ज फिटलं असेल तर घराची मूळ कागदपत्रं हातात आली का? १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत ती परत देणं बंधनकारक आहे, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. शेवटचा हप्ता भरून पेढे वाटले आणि फाइल आणायची राहिली, असं होतं.

पायरी ८: तारखा

महिन्यातून एकदा वीस मिनिटं. ७ तारखेनंतरचा पहिला रविवार बरा. सगळे हप्ते गेले का, कुठली अनोळखी रक्कम कापली गेली का, एवढंच बघायचं. अनोळखी व्यवहार दिसला तर बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, रविवार संपायची वाट बघू नका. 'केवायसी अपडेट'च्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली फाइल उघडायची नाही, मग ती पाठवणाऱ्याच्या फोटोवर बँकेचं बोधचिन्ह असलं तरी.

वर्षातून दोनदा मोठी बैठक. एप्रिलमध्ये पीपीएफ, पीएफ आणि ठेवींवरच्या व्याजाच्या नोंदी. दिवाळीत पाडव्याला वही. दुकानदार त्या दिवशी नव्या वह्यांची पूजा करतात, आपण आपल्या जुन्या वहीची पानं ताजी करायची. मुदत संपलेल्या ठेवी खोडायच्या, नव्या लिहायच्या, पानाखाली तारीख टाकायची. पोस्टातल्या मुदत संपलेल्या बचतपत्रांवर खास नजर ठेवा. मुदत उलटून तीन वर्षं झाली की पोस्ट ती खाती गोठवतं, मग सोडवायला पुन्हा अर्ज.

त्या पाडव्याच्या बैठकीला एकट्याने बसू नका. वही बायकोच्या, नवऱ्याच्या, मोठ्या मुलीच्या हातात द्या आणि सांगा, "मी घरात नाही असं समज. लाइटबिलाचे पैसे कुठून जातात ते शोध." पाच मिनिटांत सापडलं नाही तर ते पान पुन्हा लिहा. आमच्याकडे गेल्या वर्षी मुलाला लॉकरची किल्ली सापडली नाही. मलाही सापडायला दोन दिवस लागले, मसाल्याच्या डब्यात होती. आता वहीच्या पहिल्या पानावर, सगळ्यांत वर, किल्ली कुठे आहे ते लिहिलंय.